विद्यापीठांची निनावी छायाचित्रे

गेल्या काही वर्षांत आमच्या विद्यापीठांस आपल्या जुन्या छायाचित्रांचे मोठे प्रेम आले आहे. वर्धापनदिन असो, पाहुण्यांचे स्वागत असो, की नव्या दालनाचे उद्घाटन असो, जुन्या इमारतींची तांबूस छटेची चित्रे मोठी करून भिंतीवर लावली जातात. खाली एक सोनेरी पट्टी, तिच्यावर 'आपला वैभवशाली वारसा' अशी चार अक्षरे, आणि झाले. चित्र कोणत्या सालचे, ते कोणी काढले, त्यात उभी असलेली माणसे कोण, याविषयी ती पट्टी अवाक्षर काढीत नाही. या प्रेमावर आमचा आक्षेप आहे. विद्यार्थ्याने आधारावाचून लिहिलेले एक वाक्यही ज्या संस्थेस खपत नाही, तिनेच आपल्या इतिहासाचा पुरावा शोभेच्या कुंडीसारखा मांडून ठेवावा, ही गोष्ट आम्हांस केवळ गबाळेपणाची नव्हे, तर अप्रामाणिकपणाची वाटते.

यावर एक ठरलेले उत्तर येते ते असे, की चित्र स्वतःच बोलते, त्यास शब्दांची गरज नाही. हे म्हणणे कितपत टिकते ते पाहू. मुंबई विद्यापीठाच्या फोर्टमधील वास्तूंची जुनी छायाचित्रे बहुतेक वाचकांच्या पाहण्यात असतील. विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली. दीक्षान्त सभागृह पुरे झाले १८७४ साली. आणि प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून त्यांच्या मातोश्रींच्या नावाने उभारलेला राजाबाई मनोरा पुरा झाला १८७८ साली. १८६२ साली पदवी घेणाऱ्या पहिल्या तुकडीत न्या. रानडे व डॉ. भांडारकर होते. अर्थात या सभागृहाचे चित्र दाखवून 'रानडे-भांडारकर येथेच घडले' असे जो सांगतो, तो इतिहास सांगत नसून कीर्तन करीत असतो. ही मंडळी पदवीधर झाली तेव्हा विद्यापीठास स्वतःची इमारतच नव्हती. विद्यापीठ आधी उभे राहिले आणि दगड मागाहून आले, हा खरा बोध त्या चित्राने झाकून टाकला.

उलट, विचारणारा भेटला तर तेच चित्र पुष्कळ सांगते. सभागृह आहे पण शेजारी पुरा मनोरा नाही, तर चित्र १८७८ च्या पूर्वीचे. ओव्हल मैदानापलीकडे आगगाडीच्या रुळांलगत समुद्र दिसत असेल, तर ते बॅकबेची भरणी होण्यापूर्वीचे. मैदानाच्या पश्चिमेस गोल सज्जांच्या घरांची रांग दिसली, की आपण १९३० नंतरच्या काळात आलो. मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांचे पुतळे आहेत. ते साहाय्यक अभियंता रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांच्या हातचे. इमारतीचा नकाशा करणारे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी हिंदुस्थानात कधी पाऊलही ठेवले नाही. स्कॉटसाहेबांचे नाव प्रत्येक माहितीपत्रकात झळकते, मुकुंद रामचंद्रांचे शोधावे लागते, आणि कुर्ल्याचा दगड घडविणाऱ्या पाथरवटांचे शोधूनही सापडत नाही. २०१८ साली या वास्तूंसह मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको समूहास जागतिक वारशाचा मान मिळाला, याचा आनंद आम्हांसही आहे. परंतु वारसा दगडांचा ठरला. माणसांची नोंद करणे हे विद्यापीठाचेच काम होते व ते तसेच राहिले.

जुन्या चित्रांवरून आणखी एक भोळी समजूत रूढ झाली आहे. ती निर्मनुष्य आवारे, ते स्वच्छ रस्ते पाहून आमचे कित्येक सुशिक्षित बांधव सुस्कारा टाकतात, की तेव्हा विद्यापीठे किती शांत होती! त्या शांततेचे निम्मे श्रेय रसायनांस आहे. एकोणिसाव्या शतकातील ओल्या काचेवर इमारतीचे चित्र उमटावयास काही सेकंद, प्रसंगी त्याहूनही अधिक वेळ लागे. तेवढ्यात जो चालला तो पुसट झाला किंवा अजिबात नाहीसा झाला. दगड स्थिर होते म्हणून राहिले. पाणी वाहणारा, घोडा हाकणारा, पायऱ्या झाडणारा हलत होता म्हणून गेला. कामात असलेला माणूस गाळावा आणि स्वस्थ बसलेला ठेवावा, हा त्या यंत्राचा धर्म होता. आपण डोळे उघडे ठेवून पाहिले नाही, तर तोच आपल्या इतिहासाचाही धर्म होऊन बसतो.

मुंबईची ही कथा, तर पुण्याची त्याहून बोधप्रद. गणेशखिंडीतील जी मुख्य इमारत आज विद्यापीठाची ओळख म्हणून छापली जाते, ती १८६४ साली सुरू होऊन १८७१ साली पुरी झाली, ती गव्हर्नरसाहेबांच्या निवासासाठी. पुणे विद्यापीठ तेथे आले १९४९ साली. तेव्हा त्या इमारतीच्या एखाद्या जुन्या चित्राखाली 'आपले विद्यापीठ' एवढेच लिहिणे म्हणजे पाऊणशे वर्षांची राजसत्ता एका शब्दाने धुऊन काढणे होय. २२ जून १८९७ च्या रात्री राणीच्या राज्यारोहणाच्या महोत्सवाचा समारंभ आटोपून याच इमारतीतून परतणाऱ्या रँडवर चाफेकरबंधूंनी गोळी झाडली. ही तारीख चित्राखाली लिहिली, तर त्या मनोऱ्याकडे पाहण्याची विद्यार्थ्याची दृष्टीच बदलेल. न लिहिली, तर तो केवळ एक सुंदर मनोरा!

कोणी म्हणेल, हे मुंबई-पुण्याचे वाद सांगोल्यासारख्या दुष्काळी तालुक्यात बसून कशास उकरता? आमचे म्हणणे असे, की त्यांची सर्वांत अधिक गरज येथेच आहे. सोलापूर जिल्ह्यातील एखाद्या जुन्या शिकलेल्या घराच्या भिंतीकडे पाहावे. पणजोबांच्या पदवीपत्रावर मुंबई विद्यापीठाची मुद्रा, आजोबांच्या पत्रावर पुण्याची, वडिलांच्या पत्रावर १९६२ साली कोल्हापुरास स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाची, आणि नातीच्या पत्रावर २००४ साली स्थापन झालेल्या व आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव धारण करणाऱ्या सोलापूर विद्यापीठाची. घर एकच, गाव एकच, विद्यापीठे चार! अशा जिल्ह्याचा शैक्षणिक इतिहास कोणत्याही एका विद्यापीठाच्या दालनात सापडावयाचा नाही. तो घरोघरच्या ट्रंकांत, पदवीदानाच्या आणि वर्गाच्या समूहचित्रांत विखुरला आहे.

आणि त्या समूहचित्रांची अवस्था काय? खुर्च्यांवर प्राध्यापक, मागे उभे विद्यार्थी, पुढे सतरंजीवर बसलेले. पुठ्ठ्यावर नावे छापली ती खुर्च्यांपुरती. टोकास उभा असलेला शिपाई, कोपऱ्यात दोघी-तिघी मुली, वार लावून जेवून शिकलेला एखादा खेडूत मुलगा, हे सारे 'इतर'. १९६२ च्या सुमारास जे पदवीधर झाले ते आज ऐंशीच्या पुढे आहेत. 'हा कोण?' असे विचारले तर चेहऱ्यावर बोट ठेवून सांगणारे हेच अखेरचे. इमारत पडली तर नकाशावरून पुन्हा उभी करता येते. हे बोट एकदा खाली गेले, की कोणत्याही निधीने परत उचलता येत नाही.

हल्ली संगणकाकडून अशा चित्रांत रंग भरवून घेण्याची व पुसट चेहरे स्पष्ट करवून घेण्याची हौस वाढली आहे. घरच्या करमणुकीस आमची हरकत नाही. परंतु ते रंग म्हणजे अंदाज आणि ते नाकडोळेही अंदाजच. अशी चित्रे संस्थेने इतिहास म्हणून टांगणे म्हणजे जीर्ण दस्तऐवजातील फाटलेल्या ओळी स्वतःच्या पदरच्या मजकुराने भरून काढणे होय. तसे करणाऱ्या संशोधकास आपण काय म्हणतो?

खर्चाची सबब तर कोणी पुढे करूच नये. मऊ शिशाची एक पेन्सिल घ्यावी. चित्राच्या पाठीमागे, कडेस, हलक्या हाताने नावे, गाव, साल व सांगणाऱ्याचे नाव लिहावे. शाई वापरू नये, चित्र चिकट पानांच्या आल्बमात घालू नये, त्यावर प्लॅस्टिकचे आवरण चढवू नये. प्रत्येक महाविद्यालयाने वर्षातून एक दिवस जुन्या विद्यार्थ्यांस हारतुऱ्यांसाठी न बोलाविता चित्रे ओळखण्यासाठी बोलवावे, सांगतील ते टिपून घ्यावे, मूळ चित्र ज्याचे त्यास परत देऊन प्रत ठेवावी. जेथे नाव कळले नाही तेथे 'नाव अज्ञात' असे स्पष्ट लिहावे. अज्ञान कबूल करणे हीदेखील विद्यापीठीय शिस्तच आहे.

१७५० साली छत्रपती रामराजे व नानासाहेब पेशवे यांच्यातील करार ज्या गावी झाला, ते हे सांगोले. त्या प्रसंगाचे छायाचित्र असणे शक्य नव्हते. तरीही इतिहासकाराचे अडले नाही, कारण कोणी, कोठे, केव्हा, काय ठरविले हे लिहिलेले होते. आमच्या पिढीजवळ चित्रांचे ढीग आहेत आणि लिहिलेले काहीच नाही. दोनशे पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या कारकुनास जे सुचले ते आमच्या पदवीधरांस सुचू नये, यापरते विद्यापीठांच्या शिक्षणावर दुसरे कठोर भाष्य ते कोणते!