हूक कशाला अडकवायचा?

उंचावरून पडून कामगार दगावल्याची बातमी वृत्तपत्रांच्या आतल्या पानावर चार ओळींत येते, आणि त्या चार ओळींतही “सुरक्षा पट्टा लावलेला नव्हता” हे वाक्य पंचनाम्यातून जसेच्या तसे उतरलेले असते. जणू तेवढ्याने कसूर कोणाची याचा निवाडा झाला. मृताने पट्टा लावला असता तर ज्याला तो अडकवायचा ते ठिकाण त्याचा भार पेलण्याजोगे होते काय, हे विचारण्याची तसदी मात्र क्वचितच कोणी घेते.

पट्ट्याची परीक्षा होत नाही असे नाही. भारतीय मानक ब्यूरोचे आय. एस. ३५२१ हे मानक याच वस्तूसाठी आहे. युरोपीय मानकाची रीत अशी की, मानवी धडाच्या आकाराचा शंभर किलो वजनाचा पुतळा पट्ट्यात जखडून, एकदा पाय खाली आणि एकदा डोके खाली करून, चार मीटर पडू द्यावा. पट्टा न तुटता आणि पुतळा त्यातून न निसटता लोंबकळत राहिला, तरच माल उत्तीर्ण. दोरीला जोडलेला धक्काशोषक म्हणजे घडी घालून शिवलेली एक पट्टी. पडणाऱ्याचा हिसका बसताच तिचे टाके ओळीने उसवत जातात आणि तो हिसका सहा किलोन्यूटनांच्या, म्हणजे सुमारे सहाशे किलोंच्या भाराच्या, आत राखतात. दोन मीटर पडलेल्या माणसाचा वेग ताशी बावीस किलोमीटरांवर गेलेला असतो. तो वेग नुसत्या कमरपट्ट्याने एकाएकी रोखला, तर मणका आणि पोटातील इंद्रिये यांची काय अवस्था होईल हे सांगावयास वैद्य नको. अमेरिकेने पडता माणूस झेलण्यासाठी कमरपट्टा वापरण्यास १ जानेवारी १९९८ पासून मनाई केली. आपल्याकडे रंगाऱ्याच्या कमरेला साधा सुंभ बांधलेला आजही पाहावयास मिळतो.

परंतु या परीक्षेत मेख अशी आहे की, जो पट्टा परीक्षेला बसतो तो परीक्षेतच खर्ची पडतो, कारण एकदा हिसका झेललेला पट्टा पुन्हा वापरता येत नाही. सबब दाखला मिळतो तो वाणाला, कामगाराच्या अंगावरील नगाला नव्हे. तो नग पुढे उन्हात वाळतो, सिमेंट आणि थिनर यांनी माखतो, वेल्डिंगच्या ठिणग्यांनी ठिकठिकाणी वितळतो, आणि उन्हातील अतिनील किरणांनी त्याचे धागे वरकरणी धड दिसत असताही आतून जीर्ण होत जातात. चांगल्या पट्ट्याचे टाके पट्टीहून निराळ्या रंगाच्या दोऱ्याने घातलेले असतात, ते तुटलेला टाका चटकन नजरेस यावा एवढ्यासाठीच. पण पट्टी बोटांत वाकवून ते टाके निरखण्याइतकी सवड सकाळच्या हजेरीच्या घाईत मुकादमाने कामगाराला द्यावी लागते. जाणत्या माणसाने वर्षातून निदान एकदा प्रत्येक नग तपासून तशी नोंद दप्तरी करावी, हा संकेतही कागदावरच राहतो.

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ नोंदित कामगारांना जो सुरक्षा संच देते, त्यात हेल्मेट, बूट, मच्छरदाणी आणि जेवणाचा डबा यांच्या जोडीला हार्नेसही असतो. या औदार्याला आम्ही नावे ठेवीत नाही. मात्र तो हार्नेस अडकवायचा खिळा काही त्या पेटीत येत नाही. अमेरिकी नियमानुसार अडकवण्याच्या ठिकाणाने माणशी पाच हजार पौंड, म्हणजे सव्वादोन टनांहून अधिक, भार सोसला पाहिजे. इकडे हूक अडकतो तो परांचीच्या नळीला, खिडकीच्या गजाला, नाहीतर पाण्याच्या नळाला. त्यातही हिशेब असा की, दोरीची लांबी, उसवलेला धक्काशोषक, पट्ट्याच्या कडीखालचा देह आणि थोडी शिल्लक मिळून अडकवलेल्या बिंदूखाली सुमारे सहा मीटर मोकळी जागा लागते. पहिल्या मजल्याच्या स्लॅबवर पायापाशी हूक लावणारा मजूर, प्रमाणित पट्टा अंगावर असतानाही, दोरी पुरती ताणली जाण्यापूर्वीच जमिनीवर पोचेल. तेथे कठडा आणि जाळी हवी. आणि ती उभारणे मजुराच्या हातचे नाही.

म्हणून औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या निरीक्षकांनी पट्ट्यांची मोजदाद करण्याआधी, ते कोठे अडकवले जाणार याचा नकाशा आणि त्यावर अभियंत्याची सही मागावी. पडलेला माणूस हवेत लोंबकळत राहिला, तर काही मिनिटांतच त्याच्या जिवाला धोका उत्पन्न होतो. तेव्हा त्याला खाली कोण आणि कशाने उतरविणार, हेही त्याच कागदावर असावे. मक्तेदार खर्चाची सबब पुढे करतील, आणि ती सर्वस्वी खोटी नाही: सर्वांत कमी दराच्या निविदेला काम देण्याच्या पद्धतीत कठडे आणि जाळ्या यांचाच पैसा आधी कापला जातो. यावर तोड सरकारच्याच हाती आहे. निदान सरकारी कामांच्या निविदांत सुरक्षेची रक्कम निराळी बाब म्हणून बांधून द्यावी, तीवर दरांची चढाओढ होऊ देऊ नये, आणि ती प्रत्यक्ष खर्ची पडल्याचा पुरावा मिळाल्यावाचून बिल मंजूर करू नये.