तिनं हात पुढे केला नाही

परवा रविवारी सकाळी लेकीबरोबर सायकल काढली. गेल्या दिवाळीत ह्यांनी मला घेऊन दिली आहे, "शाळेत जायला-यायला बरी पडेल" म्हणून. दोघी कालव्याच्या रस्त्याला लागलो. लेकीला यंदा अकरा पूर्ण झाली. चढ आला तशी तिनं घंटी वाजवली, माझ्या बाजूनं सटकन पुढे गेली आणि वर पिंपळाच्या पारावर बसून माझी वाट बघत राहिली. मी धापा टाकत पोचले आणि तोंडातून काय निघालं? "एवढ्या जोरात चालवायची काही गरज होती का? पडली असतीस म्हणजे?" पोरीचा चेहरा उतरला. घरी येईपर्यंत दोघी गप्प.

मैत्रिणींनो, खरं सांगू? तिच्या पडण्याची काळजी मला तेवढी नव्हतीच. ती पुढे गेली, हेच कुठेतरी टोचलं होतं. हिच्या सीटला मागून धरून मैदानाला फेऱ्या मारल्या कोणी? मीच ना!

दुपारी भाकऱ्या थापताना मला बेरिल बर्टन आठवली. मी शाळेत अर्धवेळ इंग्रजी शिकवते. मुलींना सांगायला म्हणून मध्यंतरी या बाईची हकीकत वाचून काढली होती. त्यातली एक गोष्ट मात्र मी वर्गात सांगायची टाळली. ती आज तुम्हांला सांगणार आहे. पण आधी बेरिल कोण, ते ऐका.

बेरिल इंग्लंडमधल्या यॉर्कशर परगण्यातली. १२ मे १९३७ रोजी लीड्स शहरात तिचा जन्म झाला. अकराव्या वर्षी शाळेच्या मोठ्या परीक्षेत ती नापास झाली आणि पाठोपाठ सांधे धरणाऱ्या तापानं अंथरुणाला खिळली. त्या तापाचा परिणाम हृदयावर होतो. वर्षाहून अधिक काळ इस्पितळात आणि आरोग्यधामात गेला. दमायला होईल असं काही करू नकोस, अशी डॉक्टरांची ताकीद होती.

पुढे चार्ली बर्टन भेटला. त्याला सायकलचं भारी वेड. १९५५ मध्ये लग्न झालं आणि पुढच्याच वर्षी डेनिस ही मुलगी झाली. चार्ली मॉर्ले या गावच्या सायकल क्लबाचा सभासद, तेव्हा बेरिलही क्लबात जाऊ लागली. पहिल्या वर्षी तिला पाठीला हात लावून ढकलावं लागे, दुसऱ्या वर्षी ती बरोबरीनं येऊ लागली आणि तिसऱ्या वर्षी सगळ्यांच्या पुढे, असं चार्लीच सांगत असे. नवऱ्याचा हात पाठीवर होता तो शब्दशः! तो स्वतः मागे राहिला. बायकोच्या सायकलींची डागडुजी, शर्यतींना नेणं-आणणं, हे सगळं त्यानं अंगावर घेतलं. कित्येक घरांत उलटं चित्र असतं, हे तुम्ही-आम्ही जाणतोच.

या बाईनं काय केलं, ऐका. रस्त्यावरच्या शर्यतीत दोनदा आणि ट्रॅकवरच्या शर्यतीत पाचदा, अशी सात वेळा ती जगज्जेती झाली. ब्रिटनमध्ये वर्षभराच्या कामगिरीवरून सर्वोत्तम ठरण्याचा मान १९५९ पासून १९८३ पर्यंत सलग २५ वर्षं तिच्याकडेच होता. ऑलिंपिकमध्ये मात्र ती कधी दिसली नाही, कारण बायकांच्या सायकल शर्यती तिथे आल्या त्या १९८४ मध्ये. तोवर ती ४७ वर्षांची झाली होती.

आणि हे सगळं पोटापाण्याचं काम सांभाळून. मॉर्लेजवळच्या एका शेतात ती मजुरी करी. त्या भागात रूबार्ब फार पिकतो. लालसर, आंबट देठांची ही भाजी साखर घालून शिजवतात. त्याचे जडच्या जड गड्डे जमिनीतून उपसायचं काम. दिवसभर कुदळ-फावडं आणि मग सायकल. एका मोठ्या सायकल कंपनीनं पैसे देऊ केले होते, पण तिनं ते नाकारले. शेवटपर्यंत ती क्लबाची एक सभासदच राहिली. जगज्जेती बाई रविवारी सकाळी गावातल्या इतर मुली-बायकांबरोबर आपला नंबर लावून उभी राही, म्हणून ती लोकांना आपली वाटे.

तिची सर्वांत लाडकी आठवण १९६७ सालची आहे. बारा तासांत कोण जास्त अंतर कापतो, अशी ती शर्यत होती. आधी पुरुषांना सोडलं, मागाहून बायकांना. पुरुषांत माइक मॅक्नमारा सर्वांच्या पुढे होता आणि पुरुषांचा नवा विक्रम करायच्या बेतात होता. संध्याकाळच्या सुमाराला बेरिलनं त्याला मागून गाठलं. आता याला ओलांडायचं म्हणजे बिचाऱ्याला काय वाटेल! तिनं खिशातून ज्येष्ठमधाच्या अर्काची एक रंगीत वडी काढली आणि जाता जाता त्याच्या हातावर ठेवली. त्यानंही ती खाल्ली. तो दिवसअखेर २७६.५२ मैल गेला, ती २७७.२५. म्हणजे सुमारे ४४६ किलोमीटर! पुण्याहून कोल्हापूरला जाऊन परत फिरावं आणि पुणं जवळ यावं, एवढं. तिचं ते अंतर पुरुषांना १९६९ पर्यंत आणि बायकांना २०१७ पर्यंत ओलांडता आलं नाही.

आता ती टाळलेली गोष्ट. डेनिस आईच्या सायकलीमागेच वाढली आणि तीही शर्यतींत उतरली. १९७२ मध्ये जागतिक स्पर्धेसाठी ब्रिटनच्या संघात मायलेकी दोघींची निवड झाली. केवढा आनंद! पण १९७६ मध्ये राष्ट्रीय शर्यतीत शेवटच्या काही हातांवर लेकीनं आईला मागे टाकलं. बक्षीस घ्यायला दोघी उभ्या राहिल्या, तेव्हा बेरिलनं लेकीशी हात मिळवला नाही. सगळ्या लोकांदेखत.

जिला परक्या पुरुषाला ओलांडताना त्याच्या मनाची काळजी वाटली, तिला पोटच्या पोरीला हात देता आला नाही! वाचून मला आधी रागच आला होता. पण १९८६ मध्ये आलेल्या आत्मचरित्रात तिनं हा प्रसंग लपवला नाही. लेकीनं शर्यतीत आपल्या वाट्याची मेहनत घेतली नाही, असं तेव्हा मनात आलं, हेही लिहिलं आणि आपण त्या दिवशी आपल्यात नव्हतो, अशी कबुलीही दिली. शिवाय १९८२ मध्ये या दोघी दोन सीटांच्या एकाच सायकलवर बसल्या आणि दहा मैलांचं अंतर २१ मिनिटं २५ सेकंदांत कापून त्यांनी ब्रिटनमध्ये विक्रम केला. एका सायकलवर दोघींना पुढे-मागे जाताच येत नाही. दोघींनी मिळूनच पॅडल मारावं लागतं.

५ मे १९९६ रोजी बेरिल सायकलवरच गेली. आठवड्यावर आलेल्या आपल्या ५९ व्या वाढदिवसाची आमंत्रणं ती घरोघर पोचवत होती. वाटेत हृदय थांबलं. मॉर्लेत आज तिच्या नावाची बाग आहे, तिच्या चित्राची भिंत आहे. हॅरोगेट आणि नेर्सबरो यांच्यामध्ये तिच्या नावाचा सायकलमार्गही आहे. तिच्यावर नाटक निघालं. लोकांनी तिला चुकीसकट जिवाशी धरलं.

रात्री लेक दप्तर भरत होती. मी जवळ बसले आणि म्हटलं, "सकाळी चढावर छान चालवलीस गं."

तिनं मान वर केली. "मग रागावलीस का?"

"तू पुढे गेलीस म्हणून. मला वाईट वाटलं."

ती क्षणभर बघत राहिली. मग म्हणाली, "आई, तुझी सीट फार खाली आहे. म्हणून तू दमतेस."

आणि खरंच की! सीटवर बसून टाच खालच्या पॅडलवर ठेवली की पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. आपण बायका पडायच्या भीतीनं सीट खाली ठेवतो आणि मग गुडघे दुखले म्हणून कुरकुरतो. साखळीला मी खोबरेल लावत होते, तेही तिनं बंद केलं. थंडीत ते थिजतं आणि धूळ धरतं. शिलाईच्या मशिनचं तेल थेंब-थेंब सोडायचं आणि वरचं फडक्यानं पुसून घ्यायचं. पान्यानं सीट वर केली ती लेकीनंच. मी नुसती सायकल धरून उभी होते.

येत्या रविवारी पुन्हा जाणार आहोत. ती पुढे जाईलच. पारावर पोचल्यावर तिच्या हातावर ठेवायला दोन आवळासुपारीच्या पुड्या मी आत्ताच पिशवीत टाकून ठेवल्या आहेत.