जिमवरचा टॅक्स उतरला, फी उतरली का?

२२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. मूळ फी १० हजार असेल, तर ११,८०० ऐवजी १०,५०० व्हायला हवेत. झाले का? पावती बघा. जिमवाल्यांना भाड्यावर, मशीनवर भरलेला कर आता वजा करता येत नाही; तो बोजा मूळ फीत घुसू शकतो. (गल्लीतली जिम जीएसटीत नोंदलेलीच नसेल, तर फरक शून्य.) मग घरीच एक्सरसाइज बाइक? तिच्यावर १८ टक्के कायम, रस्त्यावरच्या सायकलवर मात्र ५! शिवाय दरवर्षी रूम बदलणारे तुम्ही, ते धूड तिसऱ्या मजल्यावर चढवणार कोण? परीक्षेत जिमला दांडी ठरलेलीच. तेव्हा वर्षाचं पॅकेज नकोच. तीन महिन्यांचं घ्या आणि खरंच किती दिवस गेलात ते मोजा.