भोकाचा बोके आणि भिंतीवरची दांडी



ज्यांच्या घरात एखादा कॅमेरावेडा माणूस आहे, त्यांना ही भाषा ओळखीची असेल. ‘प्राइम घ्यावी की झूम?’, ‘फुल फ्रेमची मजाच वेगळी’, ‘अरे, बोके बघ बोके!’ हे बोके म्हणजे मांजरीचे नवरे नव्हेत हं. फोटोत माणूस स्पष्ट दिसतो आणि त्याच्या मागचं सगळं मऊ, धूसर होतं, त्या धूसरपणाला हा जपानी शब्द आहे. आमचे हे आणि भाऊजी दोघेही याच पंथाचे. हल्ली दोघांनी ही भाषा ड्रिल मशीनला लावली आहे आणि रविवारी चहाच्या वेळी आम्हा सगळ्यांची करमणूक होते.

१३ मिलिमीटरचा चक म्हणजे फुल फ्रेम, १० चा म्हणजे क्रॉप. ६ मिलिमीटरचा साधा बिट म्हणजे ५० एमएमची प्राइम लेन्स : स्वस्त, हलकी, नेहमी लागणारी. शंकूसारखा, पायऱ्यापायऱ्यांचा स्टेप बिट असतो ना, एकाच बिटाने पत्र्याला लहानमोठी भोकं पाडणारा? तो झूम. वायरचं मशीन म्हणजे रोलचा कॅमेरा, बॅटरीचं म्हणजे डिजिटल. भोक पाडून झालं की मोबाईलने त्याचा जवळून फोटो काढायचा, कडा तपासायच्या आणि भाऊजींनी गंभीर चेहऱ्याने निकाल द्यायचा, “भोक ठीक आहे, पण बोके नाही.”

मला हा विनोद मनापासून आवडतो, कारण त्यात तथ्य आहे. एका कंपनीच्या कॅमेऱ्याला दुसऱ्या कंपनीची लेन्स सहसा सरळ बसत नाही. ड्रिलच्या बॅटऱ्यांचंही तेच. खोबणीचा एसडीएस बिट एसडीएसच्याच मशीनला लागतो, आणि त्या मशीनला साधा गोल बिट लावायचा तर वेगळा चक जोडावा लागतो. म्हणजे एकदा एक घराणं धरलं की पुढची खरेदी त्याच घराण्यात. शिवाय दोन्ही यंत्रांत तर्जनीखाली एक बटण असतं. ड्रिलला पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा घोडा देणाऱ्या ब्लॅक आणि डेकर या अमेरिकन जोडीला १९१७ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. त्याआधी आपल्याकडचा सुतार हाताने गिरमिट फिरवायचा. हाताला रग लागत असेल तर विनोद कमीच सुचणार.

आणि बिटांतले फरक नुसते मिरवायचे नाहीत, ते खरेच आहेत. वीट-काँक्रीटच्या बिटाच्या टोकाला टंगस्टन कार्बाइडचा कठीण तुकडा असतो. लाकडाच्या बिटाला मधोमध बारीक टोक असतं, त्यामुळे तो जागेवरून सरकत नाही. लोखंडाचा वेगळा, टाइलचा वेगळा. लाकडाचा बिट भिंतीत घातला तर त्याची धार गेलीच म्हणून समजा.

आपल्याला हे अवघड वाटायचं कारणच नाही. आपला सोऱ्या काय वेगळा आहे? सोऱ्या एक, चकत्या अनेक. चकलीची चांदणी, बारीक शेव, जाड शेव, पापडी. पीठ घट्ट असेल तर बारीक चकती लावायची नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. बदलत्या लेन्सचा कॅमेरा, बदलत्या बिटांचं ड्रिल आणि बदलत्या चकत्यांचा सोऱ्या ही सख्खी भावंडंच आहेत. म्हणून पुरुषांच्या बिटांच्या डब्याला हसण्याआधी आपण आपलं कपाट उघडून पाहावं. पितळी सोऱ्या, स्टीलचा सोऱ्या, शिवाय बंदुकीसारखा घोडा असलेला तिसरा!

मग माझं म्हणणं काय? विनोद चालू द्या, पण विनोदानंतर भोक पडलं पाहिजे.

हार्वर्डचे प्राध्यापक थिओडोर लेव्हिट यांच्यामुळे एक विचार व्यापारी जगात प्रसिद्ध झाला : गिऱ्हाईक ड्रिल विकत घेतं, पण त्याला हवं असतं भोक. मी एक पायरी पुढे जाईन. भोक तरी कुणाला हवं असतं? सासूबाईंना न्हाणीघरात धरायला दांडी हवी होती.

ती दांडी आमच्याकडे तीन आठवडे खोक्यात पडून होती. टाइलला भाल्याच्या टोकाचा बिट चांगला की हिऱ्याच्या कणांचा, यावर घरात रोज चर्चा. व्हिडिओ पाहून झाले, तुलना झाली, ‘हा तर टाइलचा मॅक्रो लेन्स’ असे विनोदही झाले. तोवर सासूबाई ओल्या फरशीवर नळाला धरून उठत होत्या. शेवटी जाऊबाईंनी आणि मी एका दुपारी हार्डवेअरच्या दुकानात जाऊन टाइल दाखवली, दुकानदाराने दिलेला बिट आणला आणि दांडी बसवली. रात्री दोघा भावांनी ती ओढून पाहिली. हलली नाही. ‘बोके कसा आहे?’ असं जाऊबाईंनी विचारल्यावर भाऊजी सगळ्यात जास्त हसले.

काम कसं करायचं तेही सांगते. नळाच्या किंवा स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि बाजूला भोक पाडायचं नाही, तिथून पाइप किंवा वायर गेलेली असू शकते. खुणेवर चिकटपट्टी लावायची म्हणजे बिट घसरत नाही. टाइल पार होईपर्यंत हातोड्याची खूण असलेला हॅमर बंद ठेवायचा, वेग कमी आणि दाब बेताचा. बिट तापला की थांबायचं. टाइल पार झाली की भिंतीचा बिट लावून मगच हॅमर सुरू करायचा. प्लगच्या मापाचं भोक, आतली भुकटी साफ, मग प्लग, मग स्क्रू. डोळ्यांवर चष्मा हवाच. पदर आणि वेणी घट्ट खोचलेली, हातमोजे मात्र नकोत, फिरत्या बिटात अडकतात. दांडीच्या मागची भिंत पोकळ वाजली किंवा भुसभुशीत निघाली, तर तिथे हट्ट न करता मिस्त्रींना बोलवायचं, कारण त्या दांडीवर माणसाचा भार येणार असतो. आणि आपल्या सवयीप्रमाणे आधी भिंतीवर मुंग्यांची रांग नाही ना, हे पाहायचं. असेल तर जागा बदलायची.

यात परिग्रहाचा प्रश्न येतोच. तत्त्वार्थसूत्रात मूर्च्छेला, म्हणजे वस्तूवरच्या आसक्तीला परिग्रह म्हटलं आहे. त्यामुळे घरात ड्रिल आहे एवढ्याने काही बिघडत नाही. दांडी खोक्यात आणि मन बिटांच्या डब्यात, ही मूर्च्छा. आपल्याच वेडाला हसता येणं ही त्यातून जागं व्हायची सुरुवात आहे, म्हणून मला या थट्टेचा राग येत नाही. फक्त कूस बदलून पुन्हा झोपायला नको.

मला खरी काळजी वेगळीच आहे. ही भाषा पुरुषांच्या चहात राहते, म्हणून मशीनही त्यांच्याच कपाटात राहतं. आपल्यातल्या कितीतरी जणी एकट्या राहतात. कुणाचे यजमान गेले, कुणाची मुलं पुण्याला नाहीतर परदेशात. त्यांच्या घरी दांडी, फळी, पडद्याचा रूळ ‘कुणीतरी येईल तेव्हा’ म्हणून थांबलेला असतो. तेवढ्या काळात माणूस पडू शकतो.

म्हणून मैत्रिणींनो, दोन गोष्टी करा. प्रत्येक घरी मशीन घेऊ नका. एका इमारतीत एक हॅमर ड्रिल, भिंतीचे ६ आणि ८ चे बिट, टाइलचा एक, लाकडाचा एक आणि लोखंडाचा एक एवढं पुष्कळ झालं. वहीत नाव लिहून न्यायचं, पुसून परत आणायचं. आणि महिला मंडळाच्या एखाद्या दुपारी पाककृतीऐवजी जुन्या विटेवर आणि उरलेल्या टाइलवर भोकं पाडायला बसा. पहिल्याला हात थरथरतो, पाचव्याला नाही.

घरातल्या कॅमेरावाल्यांनाही बोलवा. त्यांना सांगायला आवडतं, आणि सांगतातही छान. फक्त मशीन आपल्या हातात ठेवा.