युनिफॉर्म कधी उतरतो?

प्लेसमेंटचा सीझन आला की हॉस्टेलमध्ये ऑफर लेटर हातोहात फिरतं. सगळ्यांची नजर एकाच आकड्यावर! पॅकेज किती, हातात किती, बाँड आहे का, पोस्टिंग पुणे की बंगलोर. त्याच लेटरच्या शेवटी बारीक अक्षरात एक कलम असतं. कंपनीच्या प्रतिमेला बाधा येईल असं काहीही कर्मचाऱ्याने सोशल मीडियावर लिहू नये, अशा अर्थाचं. आमच्या विंगमधल्या तीन सीनियर्सची लेटर्स मी मागून वाचली. तिन्हींत ते कलम होतं. ‘बाधा’ म्हणजे नेमकं काय, ते एकातही नव्हतं. आणि सही करणाऱ्या तिघींपैकी एकीनेही ते वाचलं नव्हतं.

माझ्या मते इथे दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालीय. नोकरीमुळे जे आपल्या हवाली केलं जातं ते एक, आणि आपल्या डोक्यात जे आहे ते दुसरं. पहिल्यावर कंपनीचा हक्क आहे, दुसऱ्यावर नाही.

पहिल्याबाबत मी कंपनीच्या बाजूने आहे, अगदी कडकपणे. ‘स्ट्राव्हा’ हे धावणं, सायकलिंग यांची नोंद ठेवणारं ॲप. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांनी जगभरच्या युजर्सच्या नोंदी एकत्र करून एक नकाशा प्रसिद्ध केला. जिथे लोक जास्त धावतात तिथली रेष जास्त उजळ. शहरं उजळली, ते ठीकच. पण सीरिया, अफगाणिस्तानच्या काळ्याकुट्ट भागातसुद्धा मधेच रेषा चमकत होत्या... ती लष्करी ठाणी होती! तिथले जवान व्यायामाला जाताना ॲप चालू ठेवत होते, बस. जानेवारी २०१८ मध्ये हे जगाच्या लक्षात आणून दिलं ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यार्थ्याने. वय वर्षं २०, म्हणजे माझ्याएवढाच. यात कुणी गुपित फोडलं नव्हतं, कुणी एक ओळही लिहिली नव्हती. आपल्या नौदलाने डिसेंबर २०१९ मध्ये तळांवर आणि जहाजांवर स्मार्टफोन आणि फेसबुक बंद केलं, त्यामागे तर याहून गंभीर कारण होतं. फेसबुकवरच्या ओळखीतून माहिती पाकिस्तानपर्यंत पोचवल्याच्या आरोपावरून काही नौसैनिकांना अटक झाली होती.

आपण कुठे सैन्यात चाललोय, असं म्हणू नका. नोकरीच्या पहिल्या दिवशी डेस्कवरचा सेल्फी टाकतो, त्यात मागचा व्हाइटबोर्ड दिसतो आणि त्यावर क्लायंटचं नाव, रिलीजची तारीख असते. हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर टेस्ट करणाऱ्याच्या स्क्रीनवर एखाद्या खऱ्याखुऱ्या पेशंटचा रिपोर्ट असू शकतो. तो पेशंट काही आपल्या फ्रेंडलिस्टमध्ये नसतो. अशा फोटोबद्दल कंपनीने जाब विचारला, तर मी तरी कंपनीला नावं ठेवणार नाही.

पण मतांचं काय? कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, अंगावर युनिफॉर्म आहे तोवर रस्त्यावरही तुम्ही शाळेच्याच. ते पटायचं, कारण घरी जाऊन युनिफॉर्म काढता यायचा! नोकरीतला युनिफॉर्म मात्र कधीच उतरायचा नाही, अशी या कलमाची अपेक्षा दिसते.

त्रिपुरातल्या एका सरकारी कर्मचारी बाई एका राजकीय सभेला श्रोता म्हणून गेल्या आणि त्यांनी फेसबुकवर पोस्ट टाकली. २०१८ मध्ये निवृत्तीच्या तोंडावर त्यांचं निलंबन झालं. जानेवारी २०२० मध्ये त्रिपुरा हायकोर्टाने त्यांच्यावरचं आरोपपत्र रद्द केलं. सरकारी नोकर झाला म्हणून माणसाचा बोलण्याचा हक्क संपत नाही, असा त्या निकालाचा आशय. इंग्लंडमध्ये ट्रॅफर्ड हाउसिंग ट्रस्टच्या एका मॅनेजरने चर्चमधल्या समलिंगी विवाहांबद्दल फेसबुकवर प्रतिकूल मत लिहिलं. त्याचं मत मला अजिबात मान्य नाही. पण त्यासाठी त्याला खालच्या पदावर टाकून पगार कापला, हा कराराचा भंग आहे असं २०१२ मध्ये तिथल्या हायकोर्टाने सांगितलं. त्याची सुट्टीच्या दिवशीची पोस्ट म्हणजे ट्रस्टची भूमिका, असं कुठलाही समंजस वाचक समजणार नाही, हे कोर्टाला पटलं. नुकसानभरपाई किती? १०० पौंडांहूनही कमी! म्हणजे केस जिंकूनसुद्धा...

आपल्याकडे २८ जुलै २०२५ ला राज्य सरकारने कर्मचाऱ्यांच्या सोशल मीडियाबद्दल जीआर काढला. गोपनीय कागद पुढे पाठवू नका, ऑफिसचं आणि स्वतःचं अकाउंट वेगळं ठेवा, स्वतःच्या रीलमध्ये सरकारी लोगो, गणवेश, गाडी दाखवू नका. इथवर काहीच तक्रार नाही. पण सरकारच्या धोरणावर प्रतिकूल टीका करू नका, हेही त्याच यादीत आहे. सरकारी इंजिनीअरिंग कॉलेजातल्या सरांनी लॅबच्या अवस्थेबद्दल लिहायचं नाही, तर मग लिहायचं कुणी? ज्यांना त्यातलं कळतं तेच गप्प, आणि ज्यांना काही कळत नाही ते दिवसभर पोस्ट टाकणार!

ऑफिसच्या वेळात रील्स बघणं हा वेगळा विषय. पगार कामाचा घेतो तर काम करावं, त्यात चर्चा कसली?

अजून एक गंमत. गेल्या वर्षी पास झालेल्या एकीला तिचा टीमलीड दर आठवड्याला मेसेज करतो, कंपनीची पोस्ट तुझ्या अकाउंटवरून शेअर कर, लाइक कर. कंपनीचं कौतुक करताना तिचं अकाउंट कंपनीच्या कामाचं. मग तिने त्याच अकाउंटवर रात्री अकरापर्यंत चालणाऱ्या कॉल्सबद्दल लिहिलं, कंपनीचं नाव न घेता. दुसऱ्या दिवशी एचआरने बोलावून ती पोस्ट काढायला लावली. तिने काढलीही, प्रोबेशन चालू होतं. त्यात कुठलं गुपित होतं? झोप तिची, रात्र तिची.

‘मतं वैयक्तिक आहेत’ ही प्रोफाइलवरची ओळ तिच्याही अकाउंटवर होती. काही उपयोग झाला नाही.

म्हणून प्लेसमेंट सेलला एक विनंती. येणाऱ्या कंपन्यांकडून सोशल मीडिया पॉलिसीची पूर्ण प्रत आधीच मागवून नोटीस बोर्डवर लावा, पॅकेजच्या आकड्याशेजारी. आणि प्री-प्लेसमेंट टॉकच्या शेवटी एचआर ‘एनी क्वेश्चन्स?’ म्हणतात, तेव्हा ‘बाधा’ या शब्दाचा अर्थ कुणीतरी विचारा. थर्ड इयरला असल्यामुळे मला यंदा आत सोडणार नाहीत!