करंगळी वर केली की वर्ग का हसतो?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नववीचा मराठीचा तास चालू होता. शेवटच्या बाकावरच्या मुलानं एकाच तासात दुसऱ्यांदा करंगळी वर केली आणि मी म्हणालो, "काय रे, तुझा नळ उघडाच असतो का?" वर्ग हसला. मीही हसलो. मुलगा खाली बसला आणि त्यानंतर त्यानं कधी करंगळी वर केली नाही.

पुढचं मला नंतर कळलं. शाळेत तो पाणी पिईनासा झाला आणि घरी गेल्यावर मात्र रात्रभर तांब्यावर तांबे रिचवायचा. रात्री तीन-चार वेळा उठायचा. दोन वेळा अंथरूण ओलं झालं, तेव्हा अम्मीनं शेजारणीला कळू नये म्हणून पहाटेच चादर धुतली. शर्ट अंगावर लोंबायला लागला होता. खालाचं म्हणणं नजर लागली. दम केलेलं पाणी झालं, मेडिकलवाल्यानं "गरमी आहे" म्हणून गोळ्या दिल्या. एका सकाळी उलट्या सुरू झाल्या, पोट दुखू लागलं, श्वास धाप लागल्यासारखा चालला. इंदापुरातून बारामतीला नेलं. रक्तातली साखर पाचशेच्या वर होती. टाइप १ मधुमेह. मुलगा वाचला. अजून एक दिवस घरी ठेवला असता तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी अब्बांना बाजूला घेऊन सांगितलं.

मी डॉक्टर नाही, बी.एड. झालेला मास्तर आहे. पण त्या प्रसंगानंतर डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे समजलं ते लिहितो, कारण आपल्या घरांत या विषयावर बोलणं बेअदबी समजतात.

पहिला प्रश्न किती वेळा हा नाही, किती होते हा आहे. दिवसातून चार ते सात वेळा जाणं साधारण ठीक. दर वेळी भरपूर लघवी होते, तहान भागत नाही, भरपूर खाऊनही वजन उतरतं, रात्री उठावं लागतं, तर पहिली शंका साखरेची. त्याच दिवशी तपासा, "सोमवारी बघू" नको. अशी लक्षणं असताना केव्हाही तपासलेली साखर २०० किंवा त्याहून जास्त निघाली, तर मधुमेह धरूनच चालतात. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास, गुंगी यांतलं काही दिसलं तर सरळ दवाखाना गाठायचा. आणि लघवी कमी व्हावी म्हणून मुलाचं पाणी तोडणं ही सगळ्यात मोठी चूक. हा मधुमेह गोड खाल्ल्यानं होत नाही. शरीर स्वतःच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करतं, त्यात मुलाचा दोष नाही आणि आईचाही नाही.

थोडी थोडी, घाईनं आणि जळजळीसह होत असेल तर बहुधा संसर्ग. सोबत थंडी-ताप, पाठीत दुखणं असेल तर तो मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. मुतखडा, जुनी बद्धकोष्ठता, दिवसभर चहा आणि ती डब्यातली एनर्जी ड्रिंक्स, परीक्षेची धास्ती, हीसुद्धा कारणं आहेत. पण धास्ती आहे असं तपासणीनंतर म्हणायचं, आधी नाही.

मुलींचं दुखणं वेगळं. कित्येक मुली सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळपर्यंत लघवी दाबून ठेवतात, कारण शाळेच्या संडासाला कडी नसते किंवा पाणी नसतं. म्हणून त्या पाणीच पीत नाहीत. मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं हा २००९च्या शिक्षण हक्क कायद्यातला निकष आहे, पण कायद्यानं कडी बसत नाही. त्यात दुखणं सांगितलं तर "उद्या स्थळं कशी येणार?" ही भीती. लेडी डॉक्टरकडे न्या, पण न्या.

दीनदार घरातल्या मुलांची आणखी एक कोंडी असते. वुजू टिकत नाही म्हणून मूल नमाज टाळायला लागतं आणि घरचे आळशी म्हणतात. ज्याला लघवीचा थेंब थांबत नाही त्याच्यासाठी फिक्हमध्ये माज़ूरची सवलत शेकडो वर्षांपासून आहे, प्रत्येक नमाजच्या वेळेला एक वुजू. आजाऱ्याला रोजा नंतर पुरा करण्याची मुभा खुद्द कुरआननं दिली आहे. बोट टोचून साखर तपासल्यानं रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलमा सांगतात. दुआ जरूर करा. माझी अम्मीही करायची, पण दवाखान्याच्या रांगेत उभी राहून.

खर्चाचं म्हणाल तर लघवीची साधी तपासणी आणि बोटावरची साखर ही पाच-दहा मिनिटांची कामं आहेत. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत. शाळेत वर्षातून एकदा आरोग्य पथक येतं, त्यांच्यापुढे वजन-उंचीबरोबर हेही सांगता येतं. फक्त मुलानं ते चारचौघांत सांगावं अशी अपेक्षा ठेवू नका. आधी मास्तरांनी चिठ्ठी द्यावी.

१९२२च्या जानेवारीत टोरांटोत इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन ज्याला दिलं, तो लिओनार्ड थॉम्पसन १४ वर्षांचा होता. आमच्या नववीच्या पोराएवढा. त्याआधी या आजाराच्या मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस ओढायचे, बस्स. लिओनार्ड त्यानंतर तेरा वर्षं जगला, आणि तेव्हाचं औषध आजच्यापेक्षा किती कच्चं होतं!

आमचा मुलगा आता बारावीला आहे. घरी फ्रिज नाही, म्हणून इन्सुलिन मातीच्या मडक्यात गार ठेवतात. मागच्या ईदला भेटायला आला, शीरखुर्मा दोन चमचे खाल्ला आणि म्हणाला, "सर, त्या दिवशी मला खरंच लागली होती." मी माफी मागितली. माझ्या वर्गात आता करंगळी वर करायची गरज नाही, उठायचं आणि जायचं. दोघं-तिघं त्याचा फायदा घेऊन मैदानात फिरून येतात, मला माहीत आहे.