गुण मोजले; ज्ञान कोणी मोजले?

२०२४ची ‘नीट’ परीक्षा लोकांच्या लक्षात राहिली ती पेपरफुटीमुळे. पाटणा-हजारीबागचे धागेदोरे, वाढीव गुणांचा घोळ, सर्वोच्च न्यायालयातील सुनावण्या यांची चर्चा त्या उन्हाळ्यात घरोघरी झाली. या गदारोळात पदार्थविज्ञानाच्या एका प्रश्नाकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. आमच्या मते पेपरफुटीहून तोच अधिक अस्वस्थ करणारा आहे.

प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात काय, असा त्या प्रश्नाचा गाभा होता. रेडियम आणि युरेनियम ही नावे ज्याने समजून घेतली आहेत, त्याला उत्तर शोधावे लागू नये. परंतु एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकाच्या जुन्या आवृत्तीतील वाक्य सदोष होते; नव्या आवृत्तीत ते सुधारलेले होते. जुन्या पुस्तकावर विसंबलेल्यांनी तक्रार केली आणि परीक्षा यंत्रणेने दोन्ही उत्तरांना गुण देऊन टाकले! पूर्ण ७२० गुण मिळविणारे ६७ विद्यार्थी निघाले. त्यांतील ४४ जणांचे पूर्ण गुण या औदार्याचे फळ होते. अखेर न्यायालयाला दिल्ली आयआयटीच्या तज्ज्ञांना विचारावे लागले. त्यांनी एकच उत्तर बरोबर ठरविले आणि सुधारित निकालात ७२० गुणांचे मानकरी उरले केवळ १७.

दोष मुलांचा नाही. ‘पुस्तकातील ओळ म्हणजे उत्तर’ हेच त्यांना दोन वर्षे शिकविण्यात आले होते. पण निसर्गातले सत्य पुस्तकाच्या आवृत्तीवर ठरू लागले, तर त्या व्यवस्थेला विज्ञानशिक्षण म्हणायचे काय?

कोरी प्रयोगशाळा, भरलेली वही

आमच्या परिचयातील एका विद्यार्थिनीला बारावीत जीवशास्त्रात उत्तम गुण मिळाले. सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा कसा दिसला, असे सहज विचारले. ती संकोचून म्हणाली, “काका, आमचे प्रॅक्टिकल झालेच नाही. जर्नल तयार मिळाले.” तिचे नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात होते आणि ती स्वतः दिवसभर शिकवणी वर्गात. प्रात्यक्षिकाचे ३० गुण मात्र चोख पदरात पडले. हा प्रकार शासनाला ठाऊक नाही असेही नाही. २०१८ साली विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश निघाला, तो याच कारणासाठी. आदेश निघाला, वर्ग मात्र रिकामेच राहिले.

प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर. त्याला या विषयात बोलण्याचा अधिकार काय, असे कोणी विचारील. आमचा अधिकार रुग्णाचा आहे. उद्या या हातांत आमची नाडी असणार आहे.

आपल्या परंपरेने हे फार पूर्वी ओळखले होते. सुश्रुताने शिष्याच्या हाती शस्त्र देण्याआधी भोपळा, कलिंगड, काकडी यांवर छेदनाचा सराव करून घ्यायला सांगितले आहे. पाठांतर झाले म्हणून माणसावर शस्त्र चालविण्याची मुभा तेथे नव्हती.

जुने उदाहरण नको असेल तर आपल्या कोकणातले घ्या. सत्तरच्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने माणसे दगावत होती आणि खात्रीचा उपचार हाताशी नव्हता. बावस्कर रुग्णांच्या उशाशी बसले, लक्षणे टिपत राहिले आणि विष हृदयावर आघात करते हे त्यांनी हेरले. पुढे प्राझोसिन या औषधाने असंख्य प्राण वाचले. ‘लॅन्सेट’ने त्यांचे निबंध छापले. विंचूदंशाच्या त्या रुग्णापुढे चार पर्याय छापलेले नव्हते.

स्पर्धेची सबब

‘जागा लाखभर आणि परीक्षार्थी २३ लाखांवर, मग चाळणी नको काय?’ असा युक्तिवाद केला जातो. चाळणी हवीच. एकाच सामाईक परीक्षेमुळे खेड्यातील गरीब मुलाला देशभरातील जागांचे दार उघडले, हेही मान्य केले पाहिजे. पण चाळणी धान्य निवडते, पिकवीत नाही. १८० मिनिटांत १८० प्रश्न सोडविणे हे निवडीचे साधन आहे. आपण त्यालाच शेती समजून बसलो आणि खरे शेत, म्हणजे अकरावी-बारावीचे वर्ग व प्रयोगशाळा, पडीक टाकले.

शासनाने प्रात्यक्षिकांची परीक्षा बाहेरच्या परीक्षकांकडून खरोखर घ्यावी आणि कागदावरच्या हजेरीवर चालणाऱ्या महाविद्यालयांची मान्यता काढावी. परंतु सारे खापर शासनावर फोडून आपली सुटका नाही. लाखो रुपये मोजून मुलाला प्रयोगशाळेपासून दूर ठेवणारे पालक आपणच आहोत. चाचणीहून परतलेल्या मुलाला आपण उंबरठ्यावरच विचारतो, ‘किती पडले?’ आज काय नवे कळले, हे विचारणारी घरे किती?

शिकवणी वर्गाच्या फलकावरील छायाचित्र वर्षभरात उतरते. त्या छायाचित्रातला तरुण पुढे चाळीस वर्षे रुग्ण तपासणार असतो. आपल्याच आईला कोणाच्या हाती सोपवायचे, गुणवंताच्या की जाणत्याच्या, याचे उत्तर प्रत्येक पालकाने मुलाच्या प्रवेशाआधी स्वतःशी द्यावे.